पत्र्यावरचे चार आवाज

माझ्या घरासमोर पत्र्याचं दुकान आहे आणि त्या दुकानाशी मी बावीस वर्षं भांडले. दुकानाशी म्हणजे दुकानातल्या मिस्त्रींशी. पेट्या, धान्याच्या कोठ्या, नरसाळी, दुधाच्या किटल्या असलं सगळं ते हातानं बनवायचे, आणि बनवायचे म्हणजे सकाळी साडेसातपासून ठोकत बसायचे. आमची गल्ली कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतली, मधून एक रिक्षा कशीबशी जाते. त्यांच्या ऐरणीवर घाव पडला की माझ्या कपाटातल्या कपबश्या वाजायच्या.

मी शाळेत कवायतीची बाई. एकतीस वर्षं मुलींना लेझीम शिकवली. दिवसभर हलगी, शिट्टी आणि साठ मुलींच्या लेझमींचा खणखणाट ऐकून घरी यावं, तर दारात हे. एका रविवारी दुपारची डुलकी मोडली म्हणून मी गळ्यात शिट्टी अडकवून तरातरा त्यांच्या दुकानात गेले आणि त्यांच्या कानाशी जोरात फुंकली. मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली, माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "बाई, शाळा सुटली की. आता घरला जावा." वरच्या खिडकीतून त्यांची बायको, जिला सगळी गल्ली भाभी म्हणते, ती एवढी हसली की तिच्या हातातली परात खाली रस्त्यावर पडली. तोही पत्र्याचाच आवाज.

मग मी अर्ज लिहिला. आवाजामुळे रहिवाशांना त्रास होतो, तरी योग्य ती कारवाई व्हावी, असा अगदी शुद्धलेखनासकट. सह्या घ्यायला घरोघर फिरले. मिस्त्री दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसले होते. त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला आणि खाली सही करून परत दिला. मी चक्रावले. "वाचलंत का?" "बाईंनी आणलाय म्हंजे गल्लीच्या भल्याचाच असणार की," ते म्हणाले. ज्याच्याविरुद्ध अर्ज त्याचीच सही असलेला कागद कुठल्या तोंडानं ऑफिसात द्यायचा? मी तो कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. भांडण मात्र चालू ठेवलं.

निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी माझा उजवा हात चालताना हलेनासा झाला. माझ्या ते लक्षात आलं नाही, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आलं. बाजारात भेटली आणि म्हणाली, "बाई, हात का धरून ठेवलाय? आमच्यावर तर 'हात हलवा, हात हलवा' म्हणून ओरडायचात." त्या पोरीमुळे मी वेळेत डॉक्टरांकडे गेले, तिचे उपकार आहेत. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन. आपण कंपवात म्हणतो तो. हा बरा होत नाही, पण याच्याबरोबर बरीच वर्षं चांगलं राहता येतं. गोळ्या निम्मं काम करतील, उरलेलं निम्मं तुमच्या अंगाला करावं लागेल. रोज चाला, रोज व्यायाम करा, बसून राहू नका.

मला राग आला. मी कवायतीची बाई आणि हा मला व्यायाम सांगतोय! पण राग आला तरी केलं सगळं. रोज सकाळी साडेसातला घराबाहेर पडून गल्लीच्या चार फेऱ्या. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं. भिंतीला हात लावून टाचा वर-खाली. माझे यजमान गेल्यापासून मी एकटीच राहते, त्यामुळे मोजायला कोणी नव्हतं, माझी मीच शिट्टी मारायची.

तीन वर्षं असं बरं चाललं. मग पाय अडकायला लागले. ज्यानं अनुभवलं नाही त्याला हे सांगून पटत नाही. माणूस चालत चालत दारापर्यंत येतो आणि उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात. पायात ताकद असते, दुखत काही नसतं. डोकं ओरडत असतं की उचल, आणि पाय चिखलात रुतलेल्या चपलेसारखे जागचे हलत नाहीत. वळतानाही तसंच. आधी मोरीच्या दारात व्हायचं, मग स्वयंपाकघराच्या. होळीनंतरच्या एका शुक्रवारी भर दुपारी मी पुढच्या दारात अशीच अडकले, जोर करून पाय ओढायला गेले आणि तोंडावर पडले. मनगट मोडलं.

मुलगा पुण्याहून धावत आला. एकुलता एक, आणि स्वभावानं बापावर गेलेला, म्हणजे कमी बोलणारा. हाताला प्लास्टर असेपर्यंत रजा काढून राहिला, आणि जाताना म्हणाला, "आई, दिवाळीपर्यंत बघू. दारातून एकटीनं बाहेर पडता येत नसेल तर मी तुला इथं ठेवणार नाही. पुण्याला चल." त्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, खाली बाग आहे, सून चांगली आहे. पण मला माहीत होतं तिथं काय होईल. दोघं कामाला जाणार आणि मी खुर्चीत बसून त्यांची वाट बघणार. आणि एकदा बसले की संपलं. मला या गल्लीत, या पायांवर राहायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

मी पडल्यावर गल्ली फार माया करायला लागली. कोणी भाकरी आणून द्यायचं, कोणी दूध तापवून द्यायचं, केर तर मला महिनाभर दिसलाच नाही. भाभींनी तर कमालच केली. त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं की बाईंना आवाज सोसत नाही, आता कोणी दंगा करायचा नाही. वरातींचे फटाके दूर, पोरांचं क्रिकेट दूर. आणि मिस्त्रींनी ठोकायचं सगळं काम उचलून शहराबाहेरच्या पुतण्याच्या शेडमध्ये नेलं. दुकानात फक्त सकाळी थोडा वेळ बसायचे, कामं घ्यायला. भाभी मला येऊन म्हणाल्या, "आता निवांत झोपा बाई. तुमची हातोडी गेली."

बावीस वर्षांनी मी जिंकले होते. मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या महिन्यात मी दुपारी इतकी झोपले की आयुष्यात कधी तेवढी झोपले नव्हते.

आणि माझं चालणं पार बिघडलं. पुढच्या दारात गेले की पाय अडकलेच. पूर्वी आठवड्यातून एखादा दिवस अडकायचे, आता रोज. पाच मिनिटं, दहा मिनिटं चौकट धरून उभी. शेवटी कंटाळून आत वळायचे. मला वाटलं आजार वाढला. डॉक्टरांनाही तसंच वाटलं, त्यांनी गोळी वाढवली. पावसाळा आला, गेला, गौरी-गणपती झाले. मी दारातून मिरवणुका बघितल्या. लेझीमची पथकं गेली तेव्हा तर मी आत जाऊन बसले, बघवेना. दिवाळीला दीडच महिना राहिला होता आणि माझा उंबरा काही ओलांडला जात नव्हता.

एका सकाळी मी अशीच चौकट धरून उभी होते. समोर मिस्त्री दुकान उघडून बसले होते. राधानगरीकडचा एक शेतकरी मोटरसायकलवर आला, त्याची दुधाची किटली कुठं तरी आपटून चेपली होती. संध्याकाळी डेअरीला दूध घालायचं होतं, त्याला थांबायला वेळ नव्हता. मिस्त्री म्हणाले, "पावणं, हितं ठोकायचं न्हाय. समोर आजारी माणूस हाय. शेडवर चला." तो म्हणाला, "दोन घाव घाला की ओ, तेवढ्यात काय हुतंय?" मिस्त्रींनी माझ्याकडे ओशाळं बघितलं, किटली ऐरणीवर चढवली आणि हातोडी घेतली.

ठक, ठक, ठक, ठक.

माझा उजवा पाय उचलला गेला. मी उचलला नाही, उचलला गेला. मग डावा. उंबरा मागे पडला, पायरी मागे पडली. मी गल्लीत होते. हात हलत होते, दोन्ही हलत होते! मी नळाच्या कोंडाळ्यापर्यंत पोचले असेन, तेवढ्यात मिस्त्रींनी मान वर करून मला बघितलं, त्यांना वाटलं मी भांडायला येतेय. त्यांनी झटकन हातोडी खाली ठेवली. "चुकलं ओ बाई! पावणं ऐकंनात म्हणून..."

आणि माझे पाय भर गल्लीत थांबले. चिकटले.

"थांबू नका!" मी ओरडले. "मिस्त्री, थांबू नका! बडवा!"

मिस्त्री बघतच राहिले. भाभी खिडकीत आल्या. शेतकरी किटलीकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय.

"बडवा म्हणते ना! एक, दोन, तीन, चार!" माझा तो जुना मैदानावरचा आवाज निघाला, जो पाच वर्षांत निघाला नव्हता. मिस्त्रींनी घाबरून किटलीवर घाव घालायला सुरुवात केली आणि मी निघाले. देवळापर्यंत गेले आणि परत आले. ती किटली आधी एका बाजूनं चेपली होती, आता दोन्ही बाजूंनी चेपली. शेतकरी बिचारा म्हणाला, "अहो, माझं भांडं!" आणि भाभी खिडकीत हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या पोरीला मी हे सांगितलं तर ती टुणकन उठलीच. म्हणाली, "बाई, असं होतं. या आजारात आतला ठेका हरवतो, बाहेरून ठेका मिळाला की पुष्कळांचे पाय सुटतात. आणि तुम्ही तर जन्मभर ठेक्यावर चाललाय." मग मी घरी येऊन हिशेब जुळवला. तीन वर्षं मी सकाळी साडेसातला घराबाहेर पडत होते, तेव्हा समोर हातोडी सुरूच असायची. लेझीममध्ये पहिल्यांदा शिकवतात ते चार आवाज, तेच तिथं पडत होते, आणि मी कपाळाला आठ्या घालून त्यांच्यावर पावलं टाकत होते. पडले तो शुक्रवार होता. शुक्रवारी दुपारी मिस्त्री नमाजाला जातात. गल्लीनं मायेनं माझ्यासाठी शांतता केली आणि माझे पाय काढून घेतले. कोणाचीच चूक नव्हती. शांतता मीच मागितली होती, तीही लेखी.

आता तोच आवाज परत मागायचा होता. मला मागणं जमत नाही, हुकूम सोडणं जमतं. दोन दिवस मी घोळ घातला. तिसऱ्या दिवशी भाभींना सांगून मिस्त्रींना घरी चहाला बोलावलं, साड्यांखालचा तो अर्ज काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "आधी हे बघा. तुम्ही न वाचता सही केलीत. मी तुमच्याविरुद्ध लिहिलं होतं. आणि आता तुमच्याकडेच मागायची वेळ आलीय."

मिस्त्रींनी कागद हातातही घेतला नाही. "वाचला हुता की. सगळा वाचला हुता."

"मग सही का केलीत?"

"आवाज हुतोयच की ओ. खोटं काय लिवलंतं तुमी?" बशीत चहा ओतत ते म्हणाले. "किती वाजता यायचं सांगा."

मी तेव्हा रडले. गुडघ्यावर हात ठेवून, शाळेतल्या पोरीसारखी. मिस्त्री गडबडले आणि चहा तसाच टाकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साडेसातला दुकानाची फळी उघडली आणि ठोका पडला. त्या दिवसापासून आमची कवायत सुरू झाली. मी दारात उभी राहायची, हात वर करायची, आणि ते सुरू करायचे. मोठी पावलं, हात खांद्यापर्यंत, नजर समोर. देवळापर्यंत आणि परत, चार फेऱ्या. मग त्यांच्या पायरीला धरून उठाबशा. भाभी वरून ओरडायच्या, "बाई, वाकलात! ताठ!" एकतीस वर्षं मी जे पोरींना ओरडत होते ते आता मला कोणी तरी ओरडत होतं, आणि मला ते आवडत होतं. दहा दिवसांत गल्लीतल्या दोघी-तिघी मागे चालायला लागल्या, एकीला मधुमेह, एकीचे गुडघे. चालणं संपलं की मी आत जायची, अंघोळ, जेवण, झोप. दुपारी कधी नजर गेली तर दुकान बंद दिसायचं. जेवायला गेले असतील, असं वाटायचं.

दिवाळीला मुलगा आला तो एक मोठी निळी चाकांची बॅग घेऊन. उचलून बघितली तर रिकामी. माझ्यासाठी आणलेली. मी फराळाचं ताट पुढे केलं. पाडव्याच्या सकाळी साडेसातला त्याला दारात उभं केलं आणि म्हटलं, बघ. समोर ठोका पडला. मी उंबरा ओलांडला आणि चार फेऱ्या घालून आले. तो खांबाला टेकून बघत होता. मग म्हणाला, "आई, हे मोबाईलवरपण होतं. ठेक्याचं ॲप असतं." लगेच लावून दिलं. टिक, टिक, टिक. मी तेही करून बघितलं. पाय उचलतात त्यावर, नाही असं नाही. पण माझं पाऊल मागं राहिलं तर मोबाईल पुढं निघून जातो. मिस्त्री माझ्या पायाकडे बघून हातोडी हवेत धरून ठेवतात आणि पाय तयार झाला की मगच मारतात. मोबाईल माझ्यासाठी थांबत नाही.

मुलगा मिस्त्रींचे आभार मानायला दुकानात गेला. आला तो तोंड पाडूनच. "आई, तू आत जाऊन बघितलंस कधी?"

नव्हतं बघितलं. चालताना माझी नजर समोर, देवळाच्या कळसावर. मी त्याच्या हाताला धरून पायरी चढले. दुकान रिकामं होतं. पेट्या नाहीत, कोठ्या नाहीत, कात्रीसुद्धा नाही. मध्ये ऐरण आणि तिच्यावर एक जुना पत्रा. त्याचं काहीच बनत नव्हतं. सगळा खड्डे पडून खडबडीत झाला होता, देवी आलेल्या माणसाच्या गालासारखा. भिंतीला तसलेच आठ-दहा पत्रे उभे होते.

"हे काय बनवताय?" मी विचारलं.

मिस्त्रींनी मान खाजवली. भाभींनीच सांगितलं. शेडवर गेलेलं काम परत आलंच नव्हतं. तिथं पत्रा वाकवायचं मशीन आलंय, हातोडीला कोणी विचारत नाही. मिस्त्री रोज पहाटे उठून माझ्यासाठी दुकान उघडतात, तासभर भंगाराचा पत्रा बडवतात, आणि फळी लावून बसनं शहराबाहेर कामाला जातात. गेला महिनाभर. पत्रा फाटला की दुसरा घेतात.

"मिस्त्री, काम नसताना कशाला एवढं..."

"काम न्हाय कसं?" ते जरा चिडलेच. "ह्येच काम हाय की."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुलगा परत निघाला. पुण्याचं नाव त्यानं काढलं नाही. फक्त विचारलं, "बॅग ठेवू का इथं?" मी म्हटलं, "घेऊन जा. मला कुठं जायचंय?" तो हसला, आणि वाकून माझ्या पायांना हात लावताना पहिल्यांदाच जरा जास्त वेळ तिथं थांबला.

आमच्याकडे पाहुण्याला रिक्षापर्यंत पोचवायची रीत आहे. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी, तिकटीवर उभी होती. देवळाच्या पुढं गल्ली वळते, तिथून पुढं हातोडीचा आवाज नीट येत नाही, म्हणून मी या महिन्याभरात चालत देवळाच्या पुढं गेले नव्हते. पण मुलाला दारातून निरोप द्यायला माझं मन होईना. म्हटलं, देवळापर्यंत येते. समोर ठोका पडला, आम्ही निघालो. तो रिकामी बॅग ओढत पुढे, मी मागे. देऊळ आलं. वळणावर आवाज पातळ झाला, आणि माझी पावलं आखडायला लागली. मुलगा थांबला. "बस आई, इथूनच."

तेवढ्यात आवाज परत मोठा झाला. जवळ आला. ठक, ठक, ठक, ठक, अगदी पाठीशी. मला वळून बघायचं होतं, पण वळताना माझे पाय अडकतात. मी बघितलं नाही. मुलगा मात्र बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. मागून पत्रा गळ्यात दोरीनं अडकवून, तो बडवत, मिस्त्री भर रस्त्यानं येत होते.

मी तिकटीपर्यंत गेले. सात महिन्यांनी मी माझ्या पायांनी मोठ्या रस्त्यावर आले होते. मुलाला रिक्षात बसवलं, त्याच्या मांडीवर लाडवांचा डबा दिला, रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले. या माणसाशी मी बावीस वर्षं भांडले होते. 

"बाई," मागून मिस्त्री म्हणाले, "परत बी जायाचं हाय न्हवं? हात दुखायच्या आत चला की."

मी हात वर केला. ठोका पडला, आणि मी मोठं गोल वळण घेऊन घराकडे निघाले.